गळ्यातला चौक

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना पाणी द्यायचं नाही असा आमच्या घरात नियम होता, आणि तो पाळायला लावणारा मी होतो. विदर्भातल्या वणीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला मी काय म्हणतो आहे ते लगेच कळेल. बाकीच्यांना सांगावं लागेल.

बाबा बाजार समितीत कापसाचा लिलाव पुकारायचे. यार्डात गाड्यांची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका, ट्रॅक्टरची घरघर, आणि या सगळ्याच्या वरून जाणारा बाबांचा आवाज. पुढे माईक आला, पण तो त्यांनी कधी नीट हातात धरला नाही. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी तांब्या उचलायचे, मान मागे टाकायचे आणि वरून धार सोडायचे. तांब्याला ओठ लागू द्यायचे नाहीत. लहानपणी मी समोर उभा राहून त्यांच्या गळ्याकडे पाहायचो. गळ्यातली गाठ वरखाली व्हायची आणि तांब्या रिकामा व्हायचा. आयुष्यभर ते असंच पाणी प्याले. ग्लास तोंडाला लावणारा माणूस त्यांना आजारी तरी वाटायचा नाहीतर आळशी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. माणूस इतर प्राण्यांपेक्षा कशाने वेगळा झाला, हा तास मी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने घेत आलो आहे. दोन पायांवर चालणं, मोकळे झालेले हात, मोठा मेंदू, हे पुस्तकातलं सांगून झालं की मी खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, "बोट गळ्यावर ठेवा आणि गिळा." सगळा वर्ग गिळतो. बोटाखाली काहीतरी वर सरकून परत खाली आलं की मागच्या बाकांवर हसू फुटतं.

मग मी फळ्यावर गळ्याचं चित्र काढतो. इथे एक चौक आहे, असं सांगतो. नाकातून आलेली हवा पुढच्या नळीत जाते, तोंडातून आलेला घास मागच्या नळीत, आणि हे दोन रस्ते एका जागी एकमेकांना कापतात. इतर प्राण्यांमध्ये स्वरपेटी बरीच वर, जवळजवळ नाकाच्या मागे भिडलेली असते, म्हणून हवेला चौकावरून आपला वेगळा पूल मिळतो. तान्ह्या बाळाचंही तसंच असतं, ते दूध ओढता ओढता श्वास घेतं. पुढे आपली स्वरपेटी खाली उतरते. तिच्या वर मोकळी जागा होते, त्या जागेत आवाजाला आकार येतो आणि आपण बोलू लागतो. बदल्यात तो पूल जातो. उरतं फक्त एक झाकण, घास आला की मिटणारं. ते वेळेवर मिटलं नाही तर ठसका. म्हणजे आपण बोलतो त्याची किंमत आपण प्रत्येक घासाला देतो, असं मी शेवटी म्हणायचो. मला ते वाक्य फार आवडायचं.

होळीच्या आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय, तोंडाची डावी बाजू. यवतमाळच्या दवाखान्यात पहिले काही दिवस ते नुसते छताकडे पाहत होते. मग पाय थोडा हलला. मग एक दिवस नर्सने उशी सरकवली तेव्हा ते जड जिभेने म्हणाले, "हळू वो बाई, कापसाचं बोचकं नोहे." आम्ही त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले. बोलणं आलं म्हणजे माणूस परत आला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पण घरी आणल्यावर त्यांना ताप यायला लागला. छातीत घरघर. औषधाने उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटी नागपूरला नेलं. तिथे गिळण्याची तपासणी असते. पांढरं औषध मिसळलेलं पाणी पाजतात आणि ते गळ्यातून जाताना क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसतं. तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला काचेच्या अलीकडे उभं राहू दिलं. बाबांनी घोट घेतला. पडद्यावर पांढरी रेघ जिभेवरून मागे सरकली, चौकात आली, तिथे क्षणभर थांबली, आणि तिच्यातला एक बारीक धागा पुढच्या नळीत उतरला. बाबांना ठसकासुद्धा लागला नाही. ते शांतपणे समोर पाहत होते आणि पाणी त्यांच्या फुप्फुसात जात होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला आनंद झाला. जे चित्र मी इतकी वर्षं खडूने काढत होतो ते माझ्यासमोर हलत होतं. "अगदी पुस्तकातल्यासारखं," असं मी मोठ्याने म्हणालो. मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. तेव्हा मला आठवलं की पडद्यावरचा गळा कोणाचा आहे.

त्यांनी नियम सांगितले. पातळ काहीच नको. पाणी, चहा, ताक, वरणाचं पाणी, काहीही नाही. सगळं एका पावडरीने घट्ट करून चमच्याने द्यायचं. बसवूनच द्यायचं. आणि गिळताना मान खाली, हनुवटी छातीला टेकवून.

"मान खाली घालून तं मी कोनापुढं उभा नाही राह्यलो, मॅडम," बाबा म्हणाले.

"आता घाला काका. माझ्यापुढे घाला," त्या हसून म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर बाबा गाडीच्या खिडकीतून रसवंत्या पाहत होते. जाम गाव आलं तशी एक आली, हिंगणघाट आलं तशी दुसरी.

सुट्ट्या लागल्या आणि मी दिवसभर घरात आलो. आमचं घर लहान आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मधली झोपायची खोली, जिथे बाबांचा पलंग होता. सकाळी दहानंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. राजूरच्या खाणींकडून येणारी कोळशाची धूळ आणि ऊन एकदमच आत शिरतं, म्हणून दारं-खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून, कूलर सुरू करून आम्ही तिघं बसायचो: बाबा, मी आणि माझी बायको. संध्याकाळपर्यंत. कूलरचा आवाज एवढा की बोललेलं पुन्हा सांगावं लागे. तरी स्वयंपाकघरात ग्लास ठेवल्याचा आवाज बाबांना ऐकू यायचा.

"पेलं का?" ते आतून विचारायचे.

आम्ही पाठमोरं उभं राहून, घाईने, चोरासारखं पाणी प्यायचो आणि ओठ पुसून बाहेर यायचो. बायको तर दुपारभर पाणी प्यायचीच नाही. तिला त्यांच्या खोलीतून जाताना लाज वाटायची.

पावडर टाकलेलं पाणी वाटीत थरथरायचं. पहिल्या दिवशी चमचा तोंडात गेला आणि बाबांनी डोळे उघडले. "हे पानी नोहे, लेई हाये. पोटात पोस्टर चिपकवाचे हायेत का माह्या?"

"यातून तेवढंच पाणी पोटात जाते, बाबा."

"पोटात जाते. गळ्यात कुठं जाते?"

तहान गळ्याला लागते, हे मी शिकवतो त्या कुठल्याच धड्यात नाही.

बाबा काठी धरून न्हाणीपर्यंत जाऊ शकत होते. म्हणून मी बेसिनच्या नळाचा खालचा कॉक बंद केला. न्हाणीतली बादली रिकामी ठेवू लागलो. ते आत गेले की मी दाराशी उभा. फ्रिज त्यांच्या खोलीबाहेर होता, त्याला मी कुलूपवाली कडी बसवून घेतली. मिस्त्री म्हणाला, "पोरं आइस्क्रीम खातात का सर?" मी हो म्हणालो. बाबा मला 'जेलर साहेब' म्हणू लागले. पाहुणे आले की ओळख करून द्यायचे, "हे आमचे जेलर साहेब. लय शिकेल हायेत."

एका दुपारी मी त्यांना सगळं समजावून सांगायचं ठरवलं. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर गळा काढला, चौक दाखवला, माकडाचा पूल दाखवला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. लिलावात माल पाहायचे तसे कागद दूर धरून पाहिला.

"म्हनजे माकडाले ठसका लागत नाही?"

"आपल्याइतका नाही."

"काहून तं, थे बोलत नाही म्हनून."

"तसंच काहीसं."

"मंग मले माकड करून दे ना. बोलनं घे वापस, पानी दे."

मी हसलो. ते हसत नव्हते. कागद परत देत म्हणाले, "अन् आपला कुत्रा? हड्डी अडकून मरता मरता वाचला होता थो. त्याले कुठं भाषन द्याचं होतं?"

त्या लांब दुपारी मी फोनवर बरंच वाचत बसलो आणि मला कळलं की ते खरंच तितकं सरळ नाही. काही हरणांचीही स्वरपेटी खाली असते आणि ती काही बोलत नाहीत. म्हणजे मी वर्गात सांगत आलो ते नीटनेटकं वाक्य पुरतं खरं नव्हतं. दुसरीही एक गोष्ट मी वर्गात अभिमानाने सांगतो. फार प्राचीन माणसांच्या हाडांत बिनदातांचे जबडे सापडले आहेत, दातांच्या खाचा भरून आलेले. म्हणजे दात गेल्यावरही ती माणसं बराच काळ जगली. कोणीतरी त्यांना मऊ करून, चेचून खाऊ घातलं असणार. इथे आपण वेगळे होतो, असं मी पोरांना सांगतो, आणि वर्ग गंभीर होतो. आता बाबांच्या शेजारी चमचा धरून बसलो की मला तो जबडा आठवायचा. भरवणाऱ्याची चिडचिड हाडावर उमटत नाही. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं तेव्हा त्याचा जबडा कोणी दाबून धरला होता का, हेही त्यावरून कळत नाही. मी एकदोनदा दाबून धरला होता.

मेच्या मध्यावर मुकुटबनहून आत्या आली, बाबांची मोठी बहीण. सोबत आंब्याची थैली. आत आल्या आल्या तिने बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अवं माय! ओठ पाहा कसे फाटले माह्या भावाचे! पानी नाही देत का रे तुमी याले?"

"पाणी त्यांच्या फुप्फुसात जाते, आत्या. मी डोळ्यानं पाह्यलं नागपूरले."

"इतके वर्षं पानी पेला हा, तवा कुठं जात होतं?"

"तवा बरोबर जात होतं."

"मंग आता काय रस्ता भुललं पानी?"

"हो ना," बाबा पलंगावरून म्हणाले. "अन् रस्ता दाखवाले हा पोलीस उभा हाये चौकात. सोडत नाही कोनाले."

आत्याला हसू आलं नाही. "मीटर पाहाले येते थ्या मानसाले बी आपन पानी इचारतो. हा तं बाप हाये तुहा."

ती आठवडाभर राहिली. तिसऱ्याच दुपारी मी डुलकी काढून उठलो तर ती स्टीलचा ग्लास घेऊन बाबांच्या पलंगावर बसलेली. बाबांनी मान मागे टाकली होती, तोंड उघडं, वरून धार यायची वाट पाहत. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. ग्लास कलंडला आणि पाणी बाबांच्या छातीवर सांडलं. आत्या ओरडली. मीही ओरडलो, मोठ्या माणसाशी बोलू नये ते बोललो. "मारून टाकाचं आहे का तुले त्याले," असं काहीतरी. आमच्या त्या गोंधळात बाबांनी चांगल्या हाताने छातीवरचं पाणी पुसलं आणि बोटं चाटली. मग पुन्हा पुसलं, पुन्हा चाटली. मी आत्याचं मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी आत्या गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. दरवेळी फिरवते.

त्यानंतर मला बाबांना काहीतरी द्यावंसं वाटू लागलं. देण्यासारखी एकच गोष्ट होती. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच करतात तसा मी त्यांचा दुपट्टा भिजवून त्यांच्या डोक्याला आणि गळ्याला गुंडाळून द्यायचो. नळाचं पाणी दुपारी चटका देतं, म्हणून मी तो कूलरच्या टाकीत बुडवायचो. ते पाणी गार असतं. दुपट्टा गुंडाळला की बाबांचा चेहरा सैल व्हायचा. मग ते तो वारंवार मागू लागले. "वाळला रे. भिजवून आन." एकदा म्हणाले, "एवढा पिळू नको." मी पिळणं कमी केलं. मला बरं वाटायचं. निदान हे तरी मी करतो आहे, असं.

महिन्याच्या शेवटी त्यांना जोरात ताप भरला. श्वास उथळ झाला. इथल्याच दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "पातळ काही जातंय का तोंडाने?"

"थेंबसुद्धा नाही," मी म्हणालो. त्यात गर्व होता.

"नक्की? घरच्यांना विचारा."

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात डबा भरत होती. मी दारातच विचारलं, "तू दिलंस का त्यांना पाणी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "मी दिलं असेल असं वाटलं तुम्हाला?"

"कोणी तरी दिलं."

"द्यावंसं रोज वाटते," ती म्हणाली. "रोज. तुमच्या भीतीनं नाही दिलं."

बाबांच्या भीतीने नाही, आजाराच्या नाही, माझ्या. मी तिथून बाहेर येऊन आत्याला फोन लावला. तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "नाही देलं रे पोरा. देवाशपथ नाही देलं. आता वाटते, देलं असतं तं बरं झालं असतं." आणि ती रडायला लागली. मी फोन ठेवला. सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

दवाखान्यात बाबांना सलाईन लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुपट्टा मागितला. मी वॉर्डाच्या बेसिनवर भिजवून आणला, गुंडाळून दिला आणि पायथ्याशी स्टुलावर पेपर उघडून बसलो. थोड्या वेळाने पान उलटताना वर पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. दुपट्ट्याचं एक टोक त्यांच्या तोंडात होतं आणि गाल आत-बाहेर होत होते. पाळण्यातलं बाळ चोखतं तसे ते चोखत होते, सावकाश, आवाज न करता.

मी ते टोक नंतर पाहिलं. त्याचे धागे चघळून सुटलेले होते. रोज माझ्याच हातून तो दुपट्टा जायचा आणि मला ते दिसलं नव्हतं. घरी तो मी कूलरच्या टाकीत बुडवत होतो. त्या टाकीत तळाशी शेवाळ होतं, कोळशाची काळी साय होती, डासांच्या अळ्या होत्या. महिनाभर मी फ्रिजला कडी लावून, नळाचा कॉक बंद करून, आत्याचं मनगट पिरगाळून, स्वच्छ पाण्यापासून बाबांचं रक्षण केलं होतं, आणि हे पाणी त्यांच्या तोंडापर्यंत स्वतः नेऊन दिलं होतं. दिवसातून कितीतरी वेळा. मायेने.

बाबांनी डोळे उघडले आणि मी पाहतो आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी टोक तोंडातून काढलं. "घेऊन टाक आता," ते म्हणाले. "पाह्यलं ना."

मला तो घेता आला नाही आणि ठेवताही आला नाही. मी उठून डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. टाकीचंही. ते ओरडले नाहीत. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले की आता दोन रस्ते आहेत. एक, नाकातून नळी घालायची आणि अन्न-पाणी सगळं नळीने द्यायचं. जास्त दिवस चालवायचं असेल तर पुढे पोटातून. दुसरा, घट्ट जेवण तसंच ठेवायचं, पण जेवणापासून दूरच्या वेळी, तोंड आणि दात अगदी स्वच्छ करून, मान खाली ठेवून, थोडं थोडं साधं पाणी द्यायचं. स्वच्छ पाणी फुप्फुसात गेलं तरी घाण पाण्याइतकं, चहा-दुधाइतकं नुकसान करत नाही. "पण धोका कमी होतो, जात नाही. पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो. मी शब्द देणार नाही. त्यांना विचारा आणि मला सांगा."

त्यांना विचारा. मी व्हरांड्यात थांबलो. झटका आल्यापासून मी बाबांना बरंच काही सांगितलं होतं, चित्र काढून समजावलं होतं. विचारलं काहीच नव्हतं. त्यांचं बोलणं परत आलं म्हणून पेढे वाटले होते आणि त्या बोलण्याचा मी एकदाही उपयोग होऊ दिला नव्हता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "बाबा, नळी टाकायची का?"

"बैलाले बांबूच्या नळीनं औषध पाजतात, तशी?"

"नाकातून असते. बारीक."

"तू पेशील का नाकातून?"

मी दुसरा रस्ता सांगितला. साधं पाणी, पण धोका आहे.

"कोनाले?" बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"धोका कोनाले हाये? मले, का तुले?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. कापूस नुसता पाहून त्यातली ओल ओळखणारे ते डोळे होते, त्यांच्यापुढे खोटं टिकत नाही. दवाखान्यातल्या त्या स्टुलावर मला जे कळलं ते असं: मी घाबरत होतो ते त्यांच्या मरणाला नाही. ते माझ्या हातून होईल याला मी घाबरत होतो. ते पाण्यावाचून तळमळत राहिले असते तर तो आजार होता. पाणी पिऊन गेले असते तर तो मी होतो. नियम मी त्यांच्या फुप्फुसांभोवती बांधला नव्हता, माझ्याभोवती बांधला होता, आणि त्यात त्यांना बसवलं होतं.

कुठल्याही जनावराला असली भीती वाटत असेल असं मला वाटत नाही. पुढचं दिसणं, त्यात आपला हात दिसणं आणि त्या दिसण्यापायी समोरच्या जिवाची तहान न दिसणं. पोरांना मी जे वेगळेपण शिकवतो त्यात हे कधी धरलं नव्हतं.

"मले," बाबा शेवटी आपणच म्हणाले. "धोका मले हाये. मंग मी पाहून घेतो. तू ग्लास आन."

ताप उतरल्यावर घरी आणलं त्या संध्याकाळी बायकोने उकळून गार केलेलं पाणी काढलं. मी बाबांचे दात घासले, जीभ पुसली, गालाच्या आतून बोट फिरवलं. एवढी वर्षं ज्या तोंडातून दुसऱ्यांच्या मालाचा भाव बाहेर पडला त्या तोंडात मी पहिल्यांदाच असं वाकून पाहत होतो. त्यांना ताठ बसवलं. ग्लास त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी सवयीने मान मागे नेली.

"खाली, बाबा."

त्यांनी मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली. ओठ ग्लासाला लावून त्यांनी घोट घेतला आणि लगेच जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. मी ग्लास मागे घेतला. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि ग्लास परत ओढला. दुसरा घोट. तिसरा. मग ते काहीतरी बोलायला लागले आणि मी म्हणालो, "आत्ता बोलू नका." ते थांबले. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि ते त्यांनी चाटलं नाही. गळू दिलं.

मी मोकळा झालो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पाऊस लागल्यावर त्यांना पुन्हा एकदा ताप आला, उतरला. तो मी दिलेल्या पाण्याने आला की आला असताच, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. पुढचा येईल तेव्हाही सांगू शकणार नाहीत. ठसका लागला की माझा जीव वर येतो, आणि लागला नाही की नागपूरच्या पडद्यावरची ती गुपचूप उतरलेली रेघ दिसते. मध्ये मोकळी जागा नाही. नळाचा कॉक मी उघडला, फ्रिजची कडी काढली, आत्याकडे जाऊन तिच्या पायाशी बसून आलो. बायकोशी अजून नीट बोललेलो नाही. ते कसं सुरू करायचं ते मला कळत नाही. रोज शब्द जुळवतो आणि ती समोर आली की भाजीचं विचारतो.

आज दुपारी ग्लास घेऊन निघालो तर ती म्हणाली, "रोज तुम्हीच देता. मी देते, तुम्ही बसा थोडं."

"नको," मी म्हणालो. "मीच देतो. काही झालंच तर माझ्या हातून."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आतून खुर्ची आणून माझ्यासाठी बाबांच्या पलंगाजवळ ठेवली.